लहान गोठ्यासाठी गरीब स्वभावाची जनावरं : देवणी, खिलार, पंढरपुरी की संकर?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुका, तीन एकर रान, त्यातलं पाऊण एकर चाऱ्याला. गोठ्यात सहा-सात मोठी जनावरं बसतील, त्याहून जास्त नाहीत. धारा, शेणघाण, चारापाणी सगळं आई-वडिलांच्या हाती, दोघांनीही साठी ओलांडलेली. म्हणून दुधाचा आकडा नंतर, आधी स्वभाव बघायचाय. अंगावर येणारं, लाथाळ, दावं तोडून पळणारं जनावर नको.

डोक्यात आहे ते असं : दोन गाई, तीन-चार म्हशी, आणि म्हशीला होणारे नर रेडकू फुकट न घालवता दीड वर्षापर्यंत वाढवून मांसासाठी विकायचे. गाईचे गोऱ्हेही तसेच वाढवता येतील का? कुठली जात, कुठला संकर घ्यावा? बाजारात दहा मिनिटांत स्वभाव कसा ओळखायचा? जाणत्यांनी सविस्तर लिहावं.

पशुवैद्य_बार्शी
दादा, आधी कायद्याचं सांगतो, कारण तुमचं निम्मं नियोजन त्यावर ठरतं. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ पासून वळू आणि बैलही त्यात आले. म्हणजे गोऱ्हा मांसासाठी वाढवणं हा विषयच नाही. तो कामाला, पैदाशीला किंवा विकायचा तर शेतीसाठीच. मांसासाठी फक्त म्हैसवर्ग, तोही पशुवैद्यकाचा दाखला घेऊन. त्यामुळे गाय दुधासाठी निवडा, आणि रेडकांचा हिशेब म्हशींच्या बाजूने वेगळा मांडा.

आता स्वभाव. स्वभाव रक्तातून बऱ्यापैकी उतरतो. फ्रान्समधली लिमुझिन ही मांसाची जात एके काळी बुजरेपणासाठी बदनाम होती. अमेरिकेतल्या पैदासकारांनी प्रत्येक वासराला स्वभावाचे गुण देऊन शांत वळूच वापरायला सुरुवात केली, आणि काही पिढ्यांत फरक दिसला. आपल्याकडे अशी नोंद कोणी ठेवत नाही, पण गुण देण्याची ती पद्धत गोठ्यात जशीच्या तशी वापरता येते. जनावर खोड्यात (उभं अडकवायच्या पाइपच्या चौकटीत) किंवा आखूड दाव्यावर घ्या आणि बघा :

१ – शांत उभं, रवंथही चालू
२ – चुळबुळ, शेपटी हलते, पण उभं राहतं
३ – सतत पुढे-मागे, शेण-मूत सोडतं, डोळा फिरवतं
४ – उड्या, धडका, सुटायची धडपड
५ – माणसावर चालून येतं
६ – चालून येतं आणि थांबवलं तरी थांबत नाही

तुमच्या घरी १ आणि २ चंच जनावर हवं. ३ तरुण माणसाच्या हाताखाली सुधारू शकतं. ४ च्या पुढचं, दूध कितीही असो, साठीच्या माणसाच्या हाती देऊ नका. आणि वळू किंवा रेडा तर अजिबात पाळू नका. सात जनावरांना कृत्रिम रेतन पुरतं. जर्सी गाय कितीही मऊ असली तरी जर्सीचा वळू धोकादायक म्हणून जगभर ओळखला जातो. आईवरून नराचा अंदाज बांधू नये.

माणदेशी_दावण
खिलारबद्दल लिहितो, कारण सोलापूर जिल्ह्यात गाय म्हटलं की सांगोला, मंगळवेढा, आटपाडी डोळ्यांपुढे येतं.

खिलार ही चालीची, ओढकामाची जात. म्हैसूरकडच्या हल्लीकर, अमृतमहाल या वंशाशी तिचं नातं. अंग हलकं, खूर कठीण, शिंगं मागे जाऊन वर वळलेली, आणि डोकं फार तल्लख. याच तल्लखपणामुळे ती अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. ज्याच्या हातचं खाते त्याच्यामागे लेकरासारखी चालते. परका माणूस, रंगीत छत्री, मोटारसायकलचा कर्कश आवाज एवढ्यानेही बुजते. हा दोष मानू नका. पळायला आणि ओढायलाच ती घडवली गेलीय. पण तुमच्या गोठ्यात धार काढायला आज आई, उद्या शेजारची कोणी, परवा पाहुणा, असं होणार असेल तर खिलार घेऊ नका. दूधही वासराला पाजून दिवसाला दोन-तीन लिटरच्या आसपास.

तरी हौसेने घ्यायचीच असेल तर मोठी, अनोळखी गाय बाजारातून आणू नका. सहा-आठ महिन्यांची कालवड घ्या, तीही ज्या घरात बायका-पोरं तिला हाताळतात अशा दावणीवरून. रोज पाच मिनिटं खरारा, पायांना, पोटाखाली, कासेला हात. गाभण राहिली की शेवटचे दोन महिने धारेच्या जागी रोज नेऊन उभी करायची. एवढं केलेली खिलार धारेला त्रास देत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. चांगल्या शुद्ध खिलार गाईला जर्सीची रेतमात्रा भरू नका. पिल्लू ना धड चालीचं, ना धड दुधाचं, आणि बुजरेपणा मात्र आईचा घेऊन येतं. संकर करायचाच तर गावठी, जात नसलेल्या गाईवर करा.

अक्कलकोट_शेती
देवणीचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. उदगीर, लातूर, बिदर पट्ट्यातली ही दुहेरी उपयोगाची जात. गीर, डांगी आणि स्थानिक गाय यांच्या मिश्रणातून आलेली. गीरचे लोंबते कान आणि शांतपणा तिच्यात स्पष्ट दिसतो. तीन वाण : चेहरा काळसर असलेली वानेरा, पोटाखाली ठिपके असलेली बालंक्या, पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेली शेवरा. स्वभावात तिन्हींत फारसा फरक नाही. गाय साडेतीनशे-चारशे किलोच्या पुढे भरते, दूध चांगल्या खुराकावर चार ते सहा लिटर, उन्हाला टिकते, आणि वासरू नसलं तरी हातावर पान्हा सोडणाऱ्या गाई तिच्यात जास्त सापडतात. खरेदी उदगीर तालुक्यातल्या हाळी हंडरगुळीच्या बाजारातून किंवा थेट गावातून.

लाल कंधारीही गरीब, पण दूध कमी. नांदेडकडे माळेगावच्या यात्रेत बघायला मिळते. तुमच्या गरजेला देवणी जास्त बसते.

संकरित हवी असेल तर होल्स्टिनचं रक्त निम्म्याच्या फार वर नेऊ नका. स्वभावाने होल्स्टिन संकर शांतच असतात, पण सोलापूरचा मे महिना बेचाळीस अंशांच्या पुढे जातो. जीभ बाहेर काढून धापा टाकणारी गाय धारेला चिडचिड करते आणि लोक म्हणतात, ‘स्वभाव बिघडला’. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी (निम्मं होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर) हा त्यातला जमलेला मेळ.

गवळी_पंढरपूर
म्हशीचं मी सांगतो. पंढरपुरी घ्या, दुसरीकडं बघायचं कारण नाही.

ही म्हैस आपल्याच हवेत वाढलीय. कोल्हापूर-सांगलीकडं गवळी हीच म्हैस गल्लीबोळातनं दारोदार नेऊन गिऱ्हाईकासमोर धार काढून देत आलेत. रहदारी, हॉर्न, पोरंटोरं, कुत्री, सगळ्यांतनं चालते आणि रस्त्यात उभी राहून पान्हा सोडते. स्वभावाची याहून मोठी परीक्षा कुठली? अंग आटोपशीर, साडेचारशे-पावणेपाचशे किलो. म्हणजे मुऱ्हा, जाफराबादीपेक्षा खाणं कमी. दूध सहा ते आठ लिटर, आणि वेळेवर गाभण राहते, हा तिचा खरा गुण. कडब्यावर, उसाच्या वाढ्यावर, दुष्काळातही तग धरते.

अडचण एकच, शिंगं. तलवारीसारखी मागं जाणारी, तीन-चार फूट लांब, काहींची पार कमरेपर्यंत. म्हैस मारत नाही, पण माशी बसली म्हणून मान झटकली तरी बाजूच्या माणसाच्या बरगडीत टोक बसतं. म्हणून आई-वडिलांना पहिला धडा हाच द्या : म्हशीच्या खांद्याजवळ कधी उभं राहायचं नाही. एकतर तोंडासमोर सहा फूट लांब, नाहीतर कासेजवळ अंगाला चिकटून. मधली जागा धोक्याची. दोन म्हशींच्या खुंट्यांत पाच-सहा फूट अंतर हवंच. तीन फुटांवर बांधल्या तर शिंगात शिंग अडकून एकीचं मोडतं, आणि मग जे रक्त येतं ते लवकर थांबत नाही.

भीमाकाठ
खूप मोलाची माहिती. गवळीकाका, पारडू असतानाच शिंगं जाळून टाकली तर? आणि डॉक्टर, परदेशी मांसाच्या जातींत हेरफर्ड, अँगस फार गरीब असतात म्हणतात. त्यांचा संकर इकडे कोणी करतं का?

पशुवैद्य_बार्शी
शिंगांचं : वासराचा किंवा पारडाचा शिंगाचा कोंब सात ते पंधरा दिवसांच्या वयात तापलेल्या लोखंडी उपकरणाने जाळता येतो, पण डोळ्यामागच्या नसेला लिग्नोकेनचं (बधिर करायचं) इंजेक्शन देऊन, पशुवैद्यकाकडूनच. दोनेक महिने उलटले की कोंब कवटीला धरतो, मग ती मोठी शस्त्रक्रिया होते. पंढरपुरी मादीची शिंगं जाळू नका. शिंग हीच तिची ओळख, पुढे विकताना कोणी पंढरपुरी म्हणून घेणार नाही. मांसासाठी ठेवायच्या नर रेडकांची मात्र जरूर जाळा. दीड वर्षाचा शिंगाळ रेडकू आणि बिनशिंगी रेडकू हाताळण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हेरफर्ड-अँगस : दोन्ही जाती शांत हे खरं, पण त्या ब्रिटनच्या थंड हवेतल्या, जाड कातडीच्या, आणि इकडे गाईचं मांस कायद्यात बसत नाही. तो विचार सोडा. उलट इतिहास असा की उष्ण भागासाठी अमेरिकेने मांसाची जी ब्राह्मन जात तयार केली ती आपल्याच गीर, ओंगोल, गुजरातकडची कांकरेज आणि आपल्या शेजारची कृष्णाकाठची गाय यांच्या वंशातून. कृष्णाकाठी म्हणजे सांगली, बेळगाव, विजापूरची काळ्या भारी जमिनीतली अवजड, अतिशय थंड डोक्याची जात. आज ती नावाला उरलीय. कुठे खात्रीची गाय दिसली तर स्वभावासाठी डोळे झाकून घ्यावी अशी.

ब्राह्मन पाळणारे एक गोष्ट सांगतात, ती आपल्या सगळ्या वशिंडाच्या गाईंना लागू आहे. ही जनावरं विसरत नाहीत. एकदा काठीने डोक्यात मारलेला माणूस, एकदा चुकीच्या ठिकाणी दुखेपर्यंत दिलेलं इंजेक्शन, त्या जागेसकट लक्षात राहतं. म्हणून लसीकरण, टोचणी धारेच्या जागेवर करू नका. वेगळ्या ठिकाणी खोड्यात करा. नाहीतर संध्याकाळी धारेला गाय आत यायलाच तयार होत नाही.

करमाळ्याची_ताई
भीमाकाठ दादा, बाजारात स्वभाव ओळखायचं विचारलंत. बाजारात तो पुरता ओळखता येतच नाही. सांगोल्याचा रविवारचा बाजार घ्या किंवा कार्तिकीला वाखरीचा. जनावर रात्रभर गाडीत उभं, तहानलेलं, दमलेलं असतं. दमलेलं जनावर गरीबच दिसतं. म्हणून बाजारात फक्त नको असलेली बाजूला काढायची, आणि पसंत पडलेलीला मालकाच्या गोठ्यात जाऊन तीन धारा बघायच्या : संध्याकाळची, सकाळची, परत संध्याकाळची.

बाजारात हे बघा. समोरून जाऊ नका, खांद्याच्या रेषेत तिरपं, हळू, बोलत जा. किती पावलांवर तिने मान उचलली, किती पावलांवर अंग काढून घेतलं ते मोजा. तीन-चार पावलांवर येऊ देते ती चांगली. दहा पावलांवरच गोल फिरायला लागली तर पुढे चला. मग डोळा बघा. शांत जनावराचा डोळा काळाभोर भरलेला दिसतो. कडेचा पांढरा भाग सारखा दिसत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कान ताठ मागे असतील तर ती भ्यालेली आहे. पाठीवर तळहात ठेवा. कातडी थरथरली आणि लगेच थांबली तर हरकत नाही, थरथरतच राहिली तर सोडा. शेपूट दोन पायांत आवळून धरलीय का बघा. मग हात पाठीवरून कमरेवर, मांडीच्या आतून कासेकडे. कासेला हात लागताच पाय उचलून परत ठेवणं वेगळं आणि नेम धरून मागे झाडणं वेगळं.

मालकाच्या अंगाकडेही लक्ष असू द्या. तो बोलताना तिच्या डोक्यापासून सारखा हातभर लांब राहतो का? वेसण आखूड धरून सोडतच नाही का? त्याला माहीत असतं. ‘जरा कासरा ढिला सोडा’ म्हणून बघा. मागच्या दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या वर केस गेलेला पट्टा दिसला तर रोज पाय बांधून धार काढतात असं समजा. गळ्यात लोढणं बांधल्याने छातीवर घट्टा पडलेला असेल तर ती पळणारी आहे.

गोठ्यात धार बघताना इंजेक्शन देऊन पान्हा सोडवतात का हे नीट बघा. धारेच्या आधी कोणी पाच मिनिटं एकटं आत गेलं, तर आपणही आत जा. इंजेक्शनवर लावलेली म्हैस तुमच्या घरी हातावर पान्हावणार नाही, कोंडलेल्या कासेने लाथा मारेल, आणि तुम्हाला वाटेल स्वभाव वाईट. शेवटच्या धारेला मालकाला बाजूला उभं करून धार आईंना काढू द्या. जनावर त्यांच्याकडेच राहायचंय.

सांगोला_कट्टा
ताईंनी सगळं सांगितलं, फक्त भोवऱ्याचं राहिलं. आमच्याकडे जुनी माणसं कपाळावरचा भोवरा बघूनच सौदा करतात. काही जण गोम (केसांची रेघ), भोवरा याला शुभ-अशुभ मानून जनावर सोडून देतात. यात तथ्य काय?

पशुवैद्य_बार्शी
शुभ-अशुभाला काही आधार नाही, चांगली जनावरं त्यापायी मातीमोल भावात जातात. पण कपाळावरच्या भोवऱ्याच्या जागेचा अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की दोन्ही डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं खोड्यात जास्त धडपडतात. रेषेवर किंवा खाली असलेली तुलनेने शांत. तो कल होता. त्याच्या जोरावर एकेका जनावराचा निकाल लावता येत नाही. दोन सारख्या कालवडींत एक निवडायची असेल तर भोवरा खाली असलेली घ्या, इतपत ठीक. ताईंनी सांगितलेल्या तीन धारांना तो पर्याय नाही.

गवळी_पंढरपूर
म्हशीच्या संकराचं कोणी बोललं नाही. पंढरपुरीला मुऱ्हाची रेतमात्रा भरली तर पारडं मोठं, दूध वाढतं, शिंगं आखूड होतात, आणि स्वभाव गरीबच राहतो, कारण मुऱ्हाही मुळात थंड. पण मुऱ्ह्याला पाणी लागतं. काळी कातडी, घाम कमी. दुपारी अंगावर पाणी मारलं नाही तर ती बसायला जागा शोधत दाव्याला हिसके देते. उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा पाणी मारायची सोय असेल तरच मुऱ्हाकडं वळा.

माझं मत : चारांपैकी ज्या दोन म्हशी नामी पंढरपुरी आहेत त्यांना पंढरपुरीचीच मात्रा भरा, वंश राखा. उरलेल्या गावठी दोघींना मुऱ्हा. त्यांचे नर रेडकू मांसासाठी, वजन लवकर धरतात. जाफराबादीच्या नादाला लागू नका. अंग अवजड, खाणं जास्त, आणि तुमच्या खुंट्यावर मावणार नाही.

भीमाकाठ
आता रेडकांचं सांगा. गावात रेडकू महिनाभर जगतच नाही असं बघतो. आणि वाढवले तर अंगावर येतात का?

पशुवैद्य_बार्शी
मरतात ते दोन कारणांनी : उपासमार आणि जंत.

जन्मल्यापासून तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, पहिल्या दिवसात वजनाच्या दहावा हिस्सा. रेडकू तीस किलोचा असेल तर तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून. दूध पहिला महिना वजनाच्या दहावा भाग, दुसरा महिना पंधरावा, तिसरा महिना विसावा. ‘नर आहे, राहू दे’ म्हणून एका सडावर ठेवला की तो हगवण लागून जातो.

जंत म्हणजे रेडकातला मोठा गोल जंत. तो आईच्या दुधातूनच पिल्लात जातो, म्हणून गोठा कितीही स्वच्छ असला तरी होतो. राखट-पांढरी, घाण वासाची हगवण आणि फुगलेलं पोट ही खूण. पहिला डोस दहाव्या ते पंधराव्या दिवशीच, वजनानुसार डॉक्टरांकडून. महिना झाल्यावर दिला तर उशीर झालेला असतो. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

दुसऱ्या आठवड्यापासून भरडा चाटायला ठेवा. शंभर किलोचं मिश्रण : मका भरडा ४०, सरकी पेंड २०, शेंगदाणा पेंड १२, तूर किंवा हरभरा चुनी २५, क्षार मिश्रण २, मीठ १. शंभर किलो वजनाच्या रेडकाला दिवसाला एक किलो भरडा, पाच-सहा किलो हिरवा मका किंवा नेपियर, वर किलोभर कडबा. सहा महिन्यांच्या आत युरिया प्रक्रिया केलेला चारा अजिबात नाही. नीट खाल्लं तर दिवसाला चारशे ते सहाशे ग्रॅम वजन धरतो. उसाचं वाढं एकट्याने देऊ नका. त्यातलं ऑक्झलेट अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. त्यासोबत दुसरा चारा आणि क्षार मिश्रण हवंच.

वजन काट्याशिवाय काढायचं तर पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. साठ इंच घेर आणि बावन्न इंच लांबी म्हणजे अंदाजे २८४ किलो. नजरेने सौदा केला की शेतकरी हमखास तीस-चाळीस किलोला बुडतो.

स्वभावाचं आता नीट ऐका, इथेच अपघात होतात. पोरं बाटलीने दूध पाजलेल्या एकट्या रेडकाशी टकरा-टकरीचा खेळ खेळतात, कपाळाला हात लावून ढकलतात. चाळीस किलोचा असताना गंमत वाटते. त्याला माणूस हा आपल्यासारखाच रेडकू वाटायला लागतो, आणि दीडशे किलोला तो तोच खेळ पूर्ण ताकदीने खेळतो. असा हातावर वाढलेला नर बुजऱ्या नरापेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याला माणसाची भीतीच उरत नाही. म्हणून नर रेडकू कधी एकटा वाढवू नका, दोघे-तिघे सारख्या वजनाचे एकत्र ठेवा. मान, पाठ खाजवा. कपाळाला हात नको. बाटलीपेक्षा भांड्यातून पाजा.

खच्चीकरण : पंधरा-सोळा महिन्यांच्या आत विकणार असाल तर गरज नाही, न केलेला रेडकू वजन जास्त धरतो. त्यापुढे ठेवणार असाल तर सहा-आठ महिन्यांचा असतानाच चिमट्याने करून घ्या. उड्या मारणं, एकमेकांवर चढणं, धडका सुरू झाल्यावर करून सवय जात नाही.

करमाळ्याची_ताई
डॉक्टर, रेडकांना वेसण कधी?

पशुवैद्य_बार्शी
ताई, पंधरा महिन्यांत विकायचे असतील तर घालूच नका. चांगली म्होरकी पुरते, चार महिन्यांपासून रोज तिच्यावर दहा मिनिटं चालवा. ठेवायचे असतील तर वर्षाच्या आसपास. नाकाच्या पडद्याचा पुढचा मऊ भाग टोचायचा, मागची कुर्चा नाही. दोर सुती आणि गुळगुळीत. जखम भरेपर्यंत, किमान दहा-बारा दिवस, वेसणीला कासरा लावायचा नाही. ओल्या जखमेवर ओढलेलं जनावर कायमचं डोकं झटकायला शिकतं.

अक्कलकोट_शेती
खोड्याचं माप कोणी दिलं नाही. देतो. दोन इंची जीआय पाइप, खांब अडीच फूट काँक्रीटमध्ये. आतली लांबी सहा फूट, रुंदी सव्वादोन ते अडीच फूट, उंची पाच फूट. रुंदी जास्त ठेवू नका. जागा मिळाली की जनावर आत वळायला बघतं आणि तिथेच पाय मोडतं. खाली कोबा गुळगुळीत नको, काड्या ओढून खरबरीत करा. पाय घसरला की दुसऱ्यांदा ते जनावर आत शिरत नाही, मग लोक शेपूट पिळतात आणि स्वभाव बिघडतो. पंढरपुरीसाठी समोर डोकं अडकवायचं दार लावू नका. शिंगं मागे असल्याने आडव्या पाइपला अडकतात. छातीला एक आडवा पाइप, आणि मान म्होरकीने पुढच्या खांबाला.

मुक्त संचार (जनावरं न बांधता मोकळी ठेवणं) करणार असाल तर शिंगवाल्या म्हशी आणि बिनशिंगी संकरित गाई एकाच आवारात सोडू नका. पाण्याचे हौद दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यात. एकच हौद असला की दांडगी म्हैस तिथेच उभी राहते, बाकीच्या दुपारभर तहानलेल्या. छपराखाली म्हशीला चार चौरस मीटर, मोकळ्या आवारात आठ, गाईला साडेतीन आणि सात.

सांगोला_कट्टा
एक शंका. वर्षानुवर्षं गरीब असलेली म्हैस अचानक मारायला लागली तर?

पशुवैद्य_बार्शी
अचानक बदल म्हणजे आधी आजार समजा. सडाला चीर, दगडी (कासेची सूज), खुराला जखम, डोळ्यात मार, यांत दुखण्यामुळे मारते. वारंवार माज दाखवणारी, रेड्यासारखी डरकाळणारी असेल तर अंडाशयात गाठ असू शकते, तपासून घ्या. विण्यानंतर चार-आठ दिवस पारडाजवळ कोणी आलं की अंगावर येते, ते आईपण आहे, पारडं हळूहळू लांब बांधलं की जातं.

आणि सर्वांत महत्त्वाचं : आवाज बदललाय, सारखं ओरडतेय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, उगाच धडका देतेय, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. दोन-तीन महिन्यांत कुत्रं चावलं होतं का आठवा. जनावर वेगळं बांधून लगेच पशुवैद्यकांना बोलवा, आणि लाळ लागलेल्या माणसांनी साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी.

माणदेशी_दावण
यातलं काहीही नसताना, तीन महिने नीट सांभाळूनही जनावर ४ च्या खाली येत नसेल तर विका. लपवून विकू नका, पुढच्याला सांगून विका. आणि तिची कालवड पैदाशीला ठेवू नका. लोक दूध बघून तीच ठेवतात, आणि चार वर्षांत अर्धी दावण मारकी होते.

भीमाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरतंय ते असं : दोन देवणी, दोन पंढरपुरी, दोन गावठी म्हशी मुऱ्हाच्या मात्रेवर. खोडा आधी, जनावरं नंतर. आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय करू?

करमाळ्याची_ताई
खरेदीआधी कानातला बारा अंकी बिल्ला बघा, ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. आणताना जुन्या मालकाकडचा दोन दिवसांचा चारा आणि तिचं जुनं दावं मागून घ्या, नव्या जागी तोच वास तिला स्थिर करतो. एकवीस दिवस बाकीच्यांपासून वेगळी. गाडीतून उतरवल्यावर आधी पाणी, मग कडबा, पेंड दुसऱ्या दिवसापासून. पहिली धार काढताना गोठ्यात आईंशिवाय कोणी नको, शेजारीपाजारी बघायला येतात त्यांना हात जोडून चार दिवस थांबवा. दूध पहिले दोन-तीन दिवस कमी येईल, म्हणून सड ओरबाडू नका. आईंना नखं कापायला सांगा, हात कोमट पाण्याने धुऊन, आधी पाठीवर, मग कासेवर. आणि आठवडाभर त्यांनी रोज एकच लुगडं नेसून गोठ्यात जावं.